चमच्यावरची खूण

पोव्हुआ, मार्च १९१९

प्रिय अदेलिनो,

तू जिवंत आहेस हे मला कळलंय, तेव्हा सोंग पुरे. घरी यायचं नाही असं ठरवलंयस, तेही कळलंय. आधी गावाकडचं ऐक, भांडण मग करू.

आज सकाळपासून धुकं आहे. असं धुकं पडलं की मी किनाऱ्यावर जाऊन बसते. होड्या दिसत नाहीत, नुसते आवाज येतात, आणि हळूहळू वाटायला लागतं की तू त्यातच आहेस, जाळं ओढता ओढता कुणाला तरी शिव्या घालतोयस. लढाई आपली नव्हतीच रे. दीड वर्षं जग पेटलं होतं आणि आपण मजेत मासे भाजून खात होतो. मग सरकारनं लिस्बनच्या नदीत थांबलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली आणि जर्मनीनं युद्ध पुकारलं. तुझी आई पाद्रीबाबांना म्हणाली होती, जहाजं धरली त्यांनी, मग पोरगा माझा का नेताय? 

गेल्या एप्रिलात फ्रान्समध्ये एका सकाळीत आपली फळी कोसळली. बेपत्ता लोकांच्या यादीत तुझं नाव माझं मला शोधता यावं म्हणून मी पाद्रीबाबांच्या बहिणीकडे अक्षरं शिकले. नाव सापडलं, आणि वाटलं, कशाला शिकले मेली! बायकांनी मला विधवा धरून माझे सगळे घागरे काळे रंगवले. स्वप्नात मात्र तू रोज यायचास, ओल्या पायांनी, आणि आत्ताच जमीन पुसलीय म्हणून मी तुझ्यावर ओरडायचे. जागी झाले की त्या ओरडण्याचंच फार वाईट वाटायचं.

मागच्या आठवड्यात शेजारचा झेफेरिनो लिस्बनच्या इस्पितळातून परत आला. म्हणाला, बाजूच्या खाटेवर एक माणूस होता, तोंडाला पट्ट्या, नाव सांगायचा जोआकिम, गाव कुठलंसं डोंगरातलं. पण लाकडी चमच्यावर कोरलं होतं काय, तर अर्धा भाला आणि दोन रेघा! अरे शहाण्या, नाव बदललंस, गाव बदललंस, आणि खूण आपल्याच घराची केलीस? वल्ह्यावर, जाळ्यावर, दारावर खूण केल्याशिवाय ज्याच्या हाताला चैन नाही, तो काय लपणार! झेफेरिनोनं हळूच हाक मारली तर तू रडलास म्हणे, आणि शपथ घातलीस की घरी सांग, अदेलिनो मेला. बिचाऱ्यानं तीन दिवस पाळली. चौथ्या दिवशी मी तुझ्या नावाची मेणबत्ती लावताना दिसले आणि त्याला राहवेना.

तुझ्या डोळ्यांचंही त्यानं सांगितलं. म्हणून तर हे पत्र तुला सिस्टर वाचून दाखवतायत. सिस्टर, इथून जरा मोठ्यानं वाचा. आंधळ्याचं ओझं बायकोवर नको म्हणून मेलास ना? बरं. मेलेल्याला कुणी विचारत बसत नाही, उचलून नेतात. गुरुवारच्या गाडीनं मी येतेय. न सांगता येणार होते, पण त्या अनोळखी खोलीत कुणी एकदम हात धरला तर तू दचकशील, म्हणून एवढं आधी कळवलं.

तुझीच, कितीही लपलास तरी,
दिओलिंदा