दादाचा गुडघा

उल्हासनगर, मार्च २००७

प्रिय दादा,

विम्याच्या डॉक्टरांनी काल तुला तंदुरुस्त ठरवलं, म्हणजे अपंगत्वाची भरपाई गेली. कंपनीच्या हॉकी टीममधून काढल्यावर तुझ्याकडे तेवढीच उरली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सत्तर अंशांपुढे गुडघा नेला की तुला कळ सोसत नाही, हे मी स्वतः मोजलंय. तरी डॉक्टर "वाकवा" म्हणताच तू टाच मांडीला टेकवलीस आणि हसलास, "एकदम फिट, साहेब!"

बाहेर येऊन जिन्यावर बसलास. "मितू, सवय गं. कुणी तपासायला लागलं की दुखणं लपवायचं."

ही सवय मला ठाऊक आहे. आपल्या वस्तीत, कॅम्प चारच्या मैदानावर हॉकीची निवड समिती यायची, तेव्हा सुजलेल्या गुडघ्याला क्रेप बँडेज मीच बांधायचे. वरून गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे चढवून तू विचारायचास, "दिसतंय का गं?"

फेरतपासणीचा अर्ज आज दिलाय. "या वेळी दुखलं की ओरड," एवढं मी फोनवर सांगेन. हे पत्र मात्र पाठवणार नाही. कारण काल तू गुडघा वाकवलास तेव्हा मीही श्वास रोखला होता, आणि मनात म्हटलं होतं, घेतील दादाला टीममध्ये.

तुझी,
संघमित्रा