रक्तगट माझाही जुळत होता

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

तुला गोड पापा, आईबाबांना नमस्कार. पत्र मिळालं. तुझे टाके निघाले, भूक लागते, हे वाचून बरं वाटलं. बाबांच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, ही तर मोठीच बातमी. आईला सांग, मी वेळेवर जेवते.

बाबांना सांभाळायला महिनाभर ये म्हणतेस, पण प्रयोगशाळेत काम फार आहे. रजेचं अजून नक्की नाही.

तू विचारलंस, बाबांना दिलेला लिव्हरचा भाग तुझ्यात परत उगवेल का. नाही गं. तो गेला तो गेला. मागे उरलेलाच वाढतो आणि सगळं काम अंगावर घेतो. काही महिन्यांत जवळजवळ पहिल्याइतका होतो, आकार मात्र वेगळाच. घाबरू नकोस, फक्त जड उचलू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, बाबा हल्ली माझ्यासारखेच चिडतात. लिव्हर माझंच ना!" मागून बाबा ओरडले, "अर्धी ही माझ्यात बसलीये, मला शांत बसू देईल होय!" किती वेळ हसत होतात दोघं. डबा गार होतोय म्हणून मी फोन ठेवला. डबा नव्हताच.

चिमणे, रक्तगट माझाही जुळत होता. पण बाबा म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर आहे ती. तिच्या अंगाला सुरी लावायची नाही." पाहुण्यांसाठीच्या कपबशीसारखं मला उचलून कपाटात ठेवलंत. माझी तपासणीसुद्धा नाही. तुझ्याबद्दल तसं कुणीच म्हणालं नाही, हा तुझ्यावरच अन्याय; कळतं मला. तरी हेवा वाटतो. तुझ्या पोटावरच्या त्या व्रणाचासुद्धा.

मी शिकायला बाहेर पडले, तेव्हा बारावीनंतर तू घरी थांबलीस. आईचं दुखणं, दुकानाच्या किल्ल्या, सगळं तुझ्याकडे आलं. मी गेले आणि तू वाढलीस. आता मी आले तर बसू कुठे?

वर रजेचं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. रजा सोमवारीच मंजूर झाली.

रविवारी येते. बादल्या मी उचलीन, औषधं मी देईन, तू पाय पसरून हुकूम सोड. फक्त तो विनोद माझ्यासमोर पुन्हा करा. या खेपेला ठेवायला हातात फोन नसेल.

अजून अख्खीच असलेली,
तुझी ताई