जमिनीची रेघ

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

कोचिंग क्लासच्या वर्षांत, अभ्यास सोडून चोरून केलेली काडीमाणसांच्या मारामारीची अ‍ॅनिमेशनं आज परत लावली. हसू यायला हवं होतं. पण नजर सारखी त्यांच्या पायाखालच्या रेघेवर. प्रत्येक चित्रात ती नव्यानं ओढायचो, म्हणून थरथरायची. कच्चा हात, दुसरं काय?

आईनं तेव्हा मारामारी पाहिलीच नव्हती. किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली ती. "जमीन हालायलीय की रे. बंद कर ते," एवढंच म्हणाली होती.

ते आठवलं आणि चित्र थांबवलं. काडीमाणसं जागच्या जागी थांबली. रेघ मात्र हलतच होती. मग कळलं, लॅपटॉपखालचं टेबलच हलतंय. अंगणातून आई ओरडली, "लेकरा, बाहेर ये!"

हे अंगणात बसून लिहितोय. मी म्हणतो, थांबलं. आई जमिनीवर तळहात ठेवून बसलीय. म्हणते, "न्हाई थांबलं."