राल्फ ट्रेगिअर आणि पार्कातलं बाक

१२ मार्च २००६, सांता क्लारा
काम घेतलं! बासष्टाव्या वर्षी. राल्फ ट्रेगिअर म्हणून एक इंग्रज दिग्दर्शक आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. मुलीकडे, हेलनकडे राहायला आलेत. पार्कात आपल्याकडचे आजी-आजोबा बाकावर बसतात, त्यांच्यावर सिनेमा करताहेत. लोकांना समजावून तयार करायचं आणि शेवटी मराठीचे इंग्रजी सबटायटल्स लिहायचे, हे माझं काम.

ऋषी म्हणाला, "आई, मी गूगल केलं. फेमस माणूस आहे यार! दोन मोठी अवॉर्ड्स."

ह्यांना विचारलं. "तू म्हणशील तसं." नेहमीचंच.

१९ मार्च
माणूस विक्षिप्त. कॅमेरा लावतात आणि समोर नुसते बसून राहतात. प्रश्न नाही. आपली माणसं शांतता सहन करतात थोडीच! पाच मिनिटांत सुनेपासून गुडघ्यापर्यंत सगळं बाहेर. तेही मराठीत, कारण साहेबाला कुठे कळतंय! मी मात्र तिथे थांबायचं नाही. "तुम्ही दिसलात की ते तुमच्याशी बोलतात, मिसेस बोकारे." म्हणून मी गाडीत.

आणि सिनेमा पूर्ण जोडून होईपर्यंत भाषांतर ऐकायचंच नाही, हा त्यांचा नियम. म्हटलं, हा काय वेडेपणा? तर म्हणाले, "शब्द कळले की मी चेहरा बघायचं थांबवतो."

२ एप्रिल
आज घरी सोडताना गाडीत बरंच बोलले. वडील कॉर्नवॉलचे कोळी, बोटीवरच गेले. स्वतः विसाव्या वर्षी लंडनला पळाले, स्टुडिओत चहा द्यायला. पहिलं मोठं बक्षीस एका ग्रीक बेटावरच्या सिनेमाला. शेवटच्या दृश्यात एक म्हातारी समुद्राकडे बघत बोलते. समीक्षकांनी लिहिलं — एका संस्कृतीचा विलाप! नंतर कळलं, ट्रेगिअरच्या माणसांनी तिचे कांदे तुडवले म्हणून ती शिव्या देत होती.

मी हसले. ते हसले नाहीत. "तिचा नवरा त्याच वर्षी बुडाला होता. चेहरा खोटा नव्हता."

मग एक कथापट केला, तो साफ पडला. दहा वर्षं कोणी काम दिलं नाही. दोन लग्नं मोडली. बक्षिसं कुठे आहेत, विचारलं. "पहिल्या बायकोकडे. तिला घर किंवा बक्षिसं निवडायची होती. तिने दोन्ही निवडली."

१६ एप्रिल
आज आमचे हे बाकावर बसले, कॅमेऱ्यासमोर! स्वतःहून. मी गाडीत स्वेटर विणत होते. तासाभराने आले. काय बोललात? "काही नाही. हवापाणी."

७ मे
नागपूरच्या धरमपेठेतल्या घराला गिऱ्हाईक मिळालं. इथेच राहायचं तर ते बंद घर कशाला? ह्यांनी मागेच होकार दिलाय. मला इथलं मानवलं आहे. लायब्ररी आहे, गाडी चालवते, कोणाला विचारावं लागत नाही.

११ जून
सिनेमा जोडून झाला. हेलनच्या घरी आज पहिल्यांदा आवाजासकट बघितला.

शेवटचं दृश्य ह्यांचं आहे.

१२ जून
काल लिहवलं नाही. आज लिहिते. हे कॅमेऱ्याकडे बघून मंद हसत म्हणतात:

"तुम्हाला काही समजत नाही, म्हणून सांगतो. मला नागपूरला जायचं आहे. घर विकायला काढलंय. मी हो म्हटलं. तिने विचारलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती, पाठमोरी. पाठीला माणूस 'नाही' कसं म्हणणार? आणि ती उत्तर ठरवूनच विचारते. वाईट नाही ती. फार कर्तबगार आहे. आपलंच काही चालत नाही, बस्स."

१४ जून
आधी टाईप केलं — मी इथे सुखात आहे, माझी बायको कर्तबगार आहे. पुसलं. बी. ए.ला इंग्रजी घेतलं ते काय यासाठी? शब्दाला शब्द लिहून दिलं.

ट्रेगिअरनी दोनदा वाचलं. "मला वाटलं, तो तुमच्याबद्दल प्रेमाने बोलतोय. म्हणून शेवटी ठेवलं."

"तुमची चूक झाली," मी म्हटलं.

"काढू का?"

"नाही."

त्यांनी पुन्हा लावून बघितलं. आवाज बंद करून. फार थकलेले दिसतात.

१८ जून
ऋषी मागे लागलाय. "आई, बायर थांबणार नाही. डील कॅन्सल करायचं का?" म्हटलं, थांबू दे. हे समोरच पेपर वाचत होते. मान वर केली नाही. मीही काही विचारलं नाही. कसं विचारायचं तेच कळेना.

३ जुलै
राल्फ ट्रेगिअर गेले. झोपेतच. हेलनचा फोन होता.

९ जुलै
पेपरात अर्धं पान. ग्रीक बेट आहे, पडलेला कथापट आहे, दोन्ही बायका आहेत. आमच्या बाकाचा उल्लेख नाही.

१२ ऑगस्ट
लायब्ररीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. बाकावरचे सगळे आले होते, ठेवणीतले कपडे घालून. स्वतःला बघून हसत होते, एकमेकांना कोपरं मारत होते. शेवटी ह्यांचा चेहरा आला आणि खाली माझी अक्षरं. मागे सूनबाई निधी हळूच म्हणाली, "ओह, बाबा." हे पूर्ण वेळ ताठ बसून होते. दिवे लागले तसे काही जण आमच्याकडे वळले आणि मग दुसरीकडे बघू लागले.

परतताना गाडीत आम्ही दोघंच. म्हणाले, "साहेबाला समजत नव्हतं. पण लिहिणार तू, हे मला माहीत होतं. वाटलं, गाळशील."

मी गाडी बाजूला घेतली.

१३ ऑगस्ट
ऋषीला सांगितलं, घर विकायचं नाही. मग ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "ठरलं. ऑक्टोबरची तिकिटं काढते, दोघं जाऊ."

"तू नको," ते म्हणाले. "मी एकटा जातो."