बर्फ वितळेपर्यंत

नारिन, १४ जून

आदरणीय साल्कीन वहिनी,

तुम्हाला आणि दादांना माझा सलाम. सगळी जनावरं घेऊन कुरणावर नीट पोचलात, असं कुबात ड्रायव्हरकडून कळलं. सोन-कुल तळ्याच्या बाजूला पहाटे अजून बादलीतलं पाणी गोठतं म्हणे. घोड्या दूध देऊ लागल्या का? दादांच्या गुडघ्यासाठी मलम पाठवते आहे. ते तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय, नाहीतर दादा ते मेंढीच्या खुराला लावून मोकळे होतील.

इकडे सगळं ठीक आहे. शाळेत मला कायम केलं. आता मुलांशी बोलायला वेगळी खोलीही दिली आहे. सारखी भांडणारी, अजिबात न बोलणारी, अशी मुलं माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना सांगते की मनात सलतं ते ज्याच्यामुळे सलतं त्यालाच सांगावं, म्हणजे माणूस जवळ येतो. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. कॉलेजात शिकले त्यावर माझा मनापासून विश्वास आहे. पण परवा एका चिमुरडीनं विचारलं, "बाई, तुम्ही सांगितलंत का कुणाला?" मी तिला म्हटलं, घंटा झाली, वर्गात जा. घंटा झाली नव्हती.

फोनवर आपण पावसाचं बोलतो, गवताचं बोलतो आणि मग तुम्ही फोन दादांकडे देता. कुरणावर फोन लागत नाही हे एका परीनं बरंच झालं.

मला सातवा महिना लागला आहे. दुसऱ्या कुणाकडून कळलं असेल, तर आता माझ्याकडूनही कळू द्या.

सासूबाई अत-बाशीहून मागच्या आठवड्यात आल्या होत्या. पिशवीभर वाळवलेले जर्दाळू आणि मेंढीच्या शेपटीची चरबी घेऊन. खूप प्रेमानं आल्या, हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "पहिलं माझं हं. सुनबाई, तू शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळ, तुझं मी सांभाळते. दोघींची सोय झाली."

मला वाटलं, तालाय आपल्या आईला काहीतरी बोलेल. तो चहात जर्दाळू बुडवत बसला. त्या गेल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "आई एकटी आहे, जिपार. बाबा गेल्यापासून मेंढ्यांशी बोलते. आणि पहिलं मूल आजी-आजोबांकडे वाढतं, यात नवीन काय? तू नाही वाढलीस? काय बिघडलं तुझं? चांगली शिकून बसलीस."

आपांनी मला काही कमी केलं नाही. ज्या घरात लोणी एकाच्याच वाट्याचं असायचं, त्या घरात ते माझ्या भाकरीवर असायचं. त्या माझी आजी, पण मी त्यांना आई म्हणत वाढले. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या तेव्हा घरातला सगळ्यात मोठा आक्रोश माझा होता. तुम्ही दाराजवळ उभ्या होतात.

वहिनी, तुम्ही मला जन्म दिलात आणि मी तुम्हाला वहिनी म्हणते. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

मी लहान असताना कुरणावर तपकिरी शिंगराच्या पाठीवरून पडले होते. कोपर सोललं होतं. आपा तंबूत होत्या, तुम्ही बाहेर दूध काढत होतात, म्हणून मी रडत तुमच्याकडे धावले. तुम्ही उठलात आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन मागे सरलात. "जा, आपांकडे जा," म्हणालात. पाहुणे बघत होते. दिलेल्या मुलाला मोठ्यांसमोर जवळ घ्यायचं नसतं, ही रीत मला पुढे कळली. रीत कळली म्हणून ते विसरता आलं नाही.

माझ्या लग्नात तालायच्या घरच्यांनी मुलीच्या आईला पाजलेल्या दुधाच्या मानाचा मखमली कोट दिला, तो आपांनी घातला. त्या वेळी तुम्ही पाहुण्यांना चहा ओतत होतात. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही किटलीकडे पाहत होतात.

म्हणून विचारते. आपांनी मला तुमच्याकडून मागून घेतलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात का? निदान एकदा? म्हणाल्या असाल तर इथे या आणि माझ्या सासूबाईंसमोर ते सांगा. महिनाअखेरच्या रविवारी त्या सगळं पक्कं करायला येणार आहेत. माझं बोलणं त्यांना पुस्तकी वाटतं. तुमचं वाटणार नाही.

आणि म्हणाल्या नसाल, तर येऊ नका. मी समजेन.

जिपार


नारिन, ९ जुलै

साल्कीन वहिनी,

तुम्ही त्या दिवशी गडबडीनं कुबातच्या जीपमध्ये चढलात आणि मी दारातच राहिले. पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. पण आधी जे तुमच्यासमोर बोलले नाही ते बोलते.

मला तुमचा राग आला होता. तुम्ही आलात आणि पाहुण्याची जागा सोडून दाराशी बसलात, सुनेसारख्या. सासूबाईंनी लगेच टोमणा मारला, "वहिनीबाई, वर बसा की. हिच्या आई असत्या तर त्यांनाच विचारलं असतं. त्या समजूतदार होत्या." तुम्ही म्हणालात, "त्या असत्या तर मी आजही तोंड उघडलं नसतं." मला वाटलं, आता तुम्ही सांगणार, कसं माझं मूल हिसकावून नेलं.

आणि तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं."

सासूबाई विजयी मुद्रेनं तालायकडे बघायला लागल्या. मला खोलीतून उठून जावंसं वाटलं. तुम्ही तशाच खाली मान घालून सांगत राहिलात. "हिच्या जन्मानंतरच्या हिवाळ्यात आपांची धाकटी मुलगी गेली. आपा भिंतीकडे तोंड करून पडल्या. अन्न घेईनात, पाणी घेईनात. मी एकोणीस वर्षांची. मला समजूत घालता येत नव्हती. मी आपली पोर उचलली आणि त्यांच्या कुशीत ठेवली. वाटलं, बर्फ वितळेपर्यंत राहू दे."

"मग चांगलंच केलंत की," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारी जगली."

"जगली. बर्फ वितळल्यावर मी हात पुढे केले, तर हिनं त्यांच्या घागऱ्यात तोंड लपवलं. घरातले सगळे हसले. मीपण हसले." मग तुम्ही पहिल्यांदा मान वर केलीत. "तुम्ही विधवा आहात, एकट्या आहात, मला कळतं. पण मूल हे औषध नव्हे, बाई. ज्याला दिलं तो बरा होतो. बाकीच्यांचं कुणी बघत नाही. यांचं मूल मांडीवर घ्या, खेळवा. झोपायला आईपाशी द्या."

सासूबाई उठल्या. मी भाकरी पुढे केली. आपल्याकडे शत्रूसुद्धा तुकडा मोडल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्यांनी भाकरीकडे पाहिलंही नाही. तालाय त्यांच्यामागे धावला.

मग आपण दोघीच उरलो. मी विचारलं, त्या दिवशी मागे का सरलात? तुम्ही कप गोळा करत म्हणालात, "हात पुढे गेले असते तर तुला घेऊन पळाले असते. म्हातारी मेली असती." एवढंच. मी जवळ येईन म्हणून थांबले होते, आणि तुम्ही कप धुवायला गेलात. परत येऊन म्हणालात, "तुझे पाय किती सुजलेत गं," आणि खाली बसून कुबातचा हॉर्न वाजेपर्यंत माझे पाय दाबत राहिलात. मला तुमच्या हातांची ओळख नव्हती. राग होता, तोही तेव्हा जागेवर होता. तो सगळा गेला असं आजही म्हणणार नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात आपांना दोष देत होते. तो सोपा होता.

आता पुढचं. तालाय एकटाच परत आला. "आईनं रस्ताभर एक शब्द काढला नाही," म्हणाला. "खूश झालीस?" मी म्हटलं, मूल गेलं तर त्याच्यामागून मीही अत-बाशीला जाईन, नोकरी सोडून.

"धमकी देतेस?"

"सांगते आहे."

बरेच दिवस आम्ही एकमेकांना मीठसुद्धा मागितलं नाही. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "तुझी वहिनी हसली म्हणाली ना, सगळ्यांबरोबर. मला ते सारखं आठवतं." दुसऱ्या दिवशी तो अत-बाशीला गेला आणि आईला म्हणाला, मूल देणार नाही, पण हिवाळाभर तू आमच्याकडे येऊन राहा.

काल त्यांचा फोन आला. मी उचलला. आधी त्या खोकल्या. मग, "तुमच्या त्या चौथ्या मजल्यावर मी मेंढ्या कुठे बांधू? गॅलरीत?"

मी म्हटलं, "मेंढ्या माझे दादा सांभाळतील, आई."

"तू चहा किती पातळ करतेस. मी आले तर चहा माझा."

"तुमचाच."

मग एकदम धारदार आवाजात, "आणि पाळणा? पाळणा मुलीच्या आईनं आणायचा असतो. तुला कॉलेजात शिकवलं नसेल. मी आणला तर लोक मला हसतील. त्या बाईला निरोप धाड, तुमच्या घरी आणून ठेव म्हणावं. आणि या खेपेला दाराशी बसू नकोस म्हणावं, वारा लागतो." फोन ठेवला.

हा तो निरोप.

डॉक्टर म्हणतात, ऑगस्टच्या अखेरीस. तेव्हा तुमचा कुरणावरून उतरायचा मोसम नसतो, मला माहीत आहे. दादांना थोडे दिवस भाकऱ्या स्वतः थापू द्या. तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा केली आहे. तिथे अंथरूण घालताना शेजारच्या काकू डोकावल्या. "कोण येतंय?" मी म्हटलं, आई. त्या गोंधळल्या. "अगं, तुझी आई तर हिवाळ्यात गेली ना? मी आले होते मातीला."

मी म्हटलं, "एक गेली. एक येते आहे."

तुमच्या तोंडावर हे म्हणायला मला कदाचित आणखी वेळ लागेल. तोवर या.

वाट पाहते आहे.

जिपार