कॅन्ससच्या माळावरचा हॉर्न

गोदूस, तुझ्या रागासकट सप्रेम.

गोळ्या घेतो, छातीही गप्प आहे. भाड्याची गाडी घेऊन, फोटो काढत एकटाच हिंडतोय. इथं मैलोन्‌मैल गवत. डोळे मिटले की चौलच्या सुरूच्या बनासारखं वाजतं.

काल समोरून एकच गाडी आली. मी जन्माचा ट्रकवाला, रामराम म्हणून हॉर्न दिला. तर म्हातारा शेतकरी गाडी वळवून मागं आला! "काय झालं? मदत हवी का?" इथं हॉर्न अडचणीतच वाजवतात म्हणे. कारण ऐकून पोटभर हसला, फोटोही काढू दिला.

"तिकडं एकट्याला कोन इचारनार हाय?" म्हणत तू अबोला धरलास. विचारलं बघ!

नारळ उतरवलेस का? फोन उचल गं. हे पत्र म्हणजे माझा हॉर्नच समज.

तुझाच,
चांगदेव