आवाज अगदी बरोबर होता

रविवार, ९ मार्च

१. चॅनेलचा ‘सहकुटुंब रविवार’ सकाळच्या कार्टूनपासून शेवटच्या बातम्यांपर्यंत ठरल्याप्रमाणे पार पडला.
२. कार्टून, व्यायाम, पाककृती, प्रश्नमंजूषा, सामना, नाटक, बातम्या. एकातून दुसऱ्यात जाताना आवाज कुठे उसळला नाही, कुठे पडला नाही. तो जुळवणं हे माझं काम होतं.
३. आमच्या विभागाचा नियम आहे: ज्याने आवाज जुळवला, त्याने तो दिवस घरच्या साध्या टीव्हीवर, घरच्यांबरोबर बसून ऐकायचा. ऐकला.
४. आई, बाबा, आत्या, धाकटा – चौघंही दिवसभर एका खोलीत. रिमोटला कोणीही हात लावला नाही.
५. नाटकातल्या मरणाच्या प्रसंगात बाबा खदखदून हसले.

पाचवा मुद्दा अहवालात घालायचा का, ते ठरत नाहीये.

सोमवार, १० मार्च

नाही घातला.

झालं होतं असं. आई रडत होती – तोंडावर रुमाल, खांदे गदगद हलतायत. बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते, आईकडे बघत होते. तिचे खांदे हलले, हे हसले! आईने उशी फेकून मारली. आत्या ओरडली, “दादा, मेलाय तो! हसतोस काय?” दिवसभरातली सर्वोत्तम करमणूक धाकट्याला तिथे मिळाली.

मग मी माझा शास्त्रशुद्ध प्रश्न विचारला. “बाबा, आवाज कसा वाटला?”

“चित्र अगदी स्वच्छ होतं.”

आणि मी खूश झाले! अहवालात लिहिलंसुद्धा: प्रेक्षक समाधानी. विभागप्रमुखांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. ऑफिसात मला ‘कानसेन’ म्हणतात. मी ‘काहीतरीच काय’ म्हणते, आणि पुन्हा कोणी म्हणतंय का याची वाट बघते.

मंगळवार, ११ मार्च

रिमोटला कोणी हात लावला नाही, कारण लावून उपयोगच नाही. आवाजाला कुलूप मीच घातलंय.

बुधवार, १२ मार्च

कुलपाची गोष्ट. दीड वर्षापूर्वी बाबा टीव्ही फार मोठ्याने लावायला लागले. मी म्हटलं, “बाबा, शेजारच्यांनी टीव्ही विकून टाकलाय, आपलाच ऐकतात.” त्यांनी आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी टीव्हीत आवाजाची मर्यादा घातली. माझ्या मते योग्य ती. उघडायचा आकडा फक्त मला माहीत. बाबा “बरं” म्हणाले आणि तेव्हापासून जेवण झालं की खिडकीत उभे राहायला लागले.

मी सगळ्यांना सांगत सुटले – बाबांचं टीव्हीचं वेड सुटलं, घरात शांतता आली! ऑफिसात तर उदाहरण म्हणून सांगितलं.

आज बाबांच्या मागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. माझी सावली पेपरवर पडली तेव्हा दचकून वळले. “काय गं, मांजरासारखी येतेस!”

आई दारातून बघत होती. स्वयंपाकघरात म्हणाली, “कळलं? लवकर कळलं बाई.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“ते म्हणाले, हिला सांगू नको. ही लगेच आलेख काढेल.”

माझ्या हाकांचा आलेख माझ्या हातातच होता. मी तो मागे लपवला.

मग आईने खरं काय ते सांगितलं. बाबांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचतं, बाबा ऐकून नंबर काढतात. हल्ली चुकीचं ऐकतात. चष्मे परत येतायत. पण कान तपासायचे नाहीत! त्यापेक्षा महिनाअखेरीला दुकान बंद करणार म्हणतात. आयुष्यभराचं दुकान.

गुरुवार, १३ मार्च

कुलूप काढलं. बाबांना रिमोट दिला. त्यांनी आवाज वाढवला नाही. मला वाईट वाटावं म्हणून असेल. वाटलं.

कानांचं काढलं तर म्हणाले, “मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.”

“तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगता? चष्मा लावायला लाज कसली!”

“चष्म्याचं वेगळं. चष्म्यात माणूस रुबाबदार दिसतो.”

मी श्रवणशक्तीची चार तत्त्वं समजावून सांगितली. बाबा मान डोलवत होते. नंतर धाकटा म्हणाला, “ताई, तू सगळं त्यांच्या पाठीमागे उभी राहून बोललीस.”

शुक्रवार, १४ मार्च

आत्याने एका वाक्यात काम केलं. समोर बसली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “दादा, तू हल्ली माझ्याशी भांडत नाहीस. मला करमत नाही.”

उद्या कान तपासायला जातोय.

शनिवार, १५ मार्च

बाबा दवाखान्याच्या दारातच अडले. “आधी ही बसेल. कसलं मशीन आहे ते कळू दे.”

कान तपासणाऱ्या बाई हसल्या, मला म्हणाल्या, “बसा हो, तुम्हीच बसा आधी.”

बसले. बंद खोली, हेडफोन, हातात बटण – मला तर ऑफिसात आल्यासारखंच वाटलं. काचेतून बाबांना खुणा करत होते: बघा, किती सोपं! धडे देण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

मग बाबा बसले. शाळेत परीक्षेला बसतात तसे, पाठ ताठ. बाहेर आल्यावर बाई त्यांच्यासमोर बसून, सावकाश बोलल्या: दोन्ही कानांना यंत्र लागेल, फरक नक्की पडेल. त्यांनी एक तात्पुरतं लावून दिलं. मी “बाबा!” अशी हाक मारली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझा आवाज एवढा बारीक आहे?” आणि बाईंना विचारलं, “हे तपकिरी रंगात मिळतं का? माझ्या फ्रेमला जुळेल असं?”

येताना वाटेत दुकानाच्या पाटीला नवा रंग कुठला द्यायचा, हेच चाललं होतं. आत्याशी दोनदा भांडून झालंय.

रविवार, १६ मार्च

काल एक लिहायचं टाळलं. निघताना बाईंनी मला थांबवलं. “तुमचा डावा कान कधी तपासलाय?” आज ऑफिसात जाऊन माझ्याच उपकरणांवर पाहिलं. तीन वेळा. बाई बरोबर आहेत. विभागप्रमुखांना पाठवलं:

‘माझ्या डाव्या कानाला उंच स्वर कमी ऐकू येतात. कधीपासून, ते माहीत नाही. मी जुळवलेला गेल्या रविवारचा आवाज दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा तपासून घ्यावा. मी या कामावर राहू की नको, ते कृपया गुरुवारपर्यंत कळवावं.’